दिगांबरभाऊंनी पाहिलेली मैदानं

दिगांबरभाऊ चोपडे बास्केटबॉलच्या जाळीला शेवटपर्यंत 'टोपली' म्हणत राहिले. चेंडू टोपलीत पडला की कधी दोन गुण आणि कधी तीन गुण का मिळतात, हे त्यांना त्यांच्या मुलीनं सांगितलं, बायकोनं सांगितलं, एकदा तर सामना संपल्यावर पंचानं जमिनीवर रेघ दाखवून सांगितलं. त्यांचं समाधान झालं नाही. "माल तोच, टोपली तीच, मंग भाव दोन काऊन?" असं ते विचारायचे. पण मलकापूर, अकोला, बुलडाणा या पट्ट्यात मुलांना बास्केटबॉल शिकवणारी जी काही ठिकाणं होती, ती स्वतः जाऊन, बसून पाहिलेला बाप माझ्या माहितीत तो एकच.

मलकापूरच्या बसस्टँडच्या रस्त्यावर माझं औषधांचं दुकान आहे आणि बरोबर समोर त्यांचं बियाण्याचं होतं. त्यांनी मला पहिल्या दिवसापासून 'डॉक्टर' करून टाकलं. भाऊ, मी नुसता गोळ्या विकणारा माणूस, असं मी कितीदा म्हणालो. त्यावर त्यांचं उत्तर ठरलेलं: "मी बी नुसतं बियाणं विकतो. तरी लोक मलेच पाऊस इचारतात ना?"

अंगानं बुटके, गोल. अर्ध्या बाह्यांचा पांढरा सदरा. सदऱ्याच्या उजव्या खिशात भाजलेल्या शेंगा आणि डाव्या खिशात टरफलं. रस्त्यावर टरफल टाकताना मी त्यांना कधी पाहिलं नाही. धुण्याला टाकण्याआधी सुमनवहिनी त्यांचे सगळे सदरे अंगणात उलटे धरून झटकायच्या आणि तेवढा वेळ नवऱ्याच्या नावानं बोलायच्या. वहिनी उंच होत्या. नवरा-बायको बाजारातून चालत निघाले की ओळखीचे लोक हसायचे आणि भाऊ स्वतः सगळ्यात आधी हसायचे.

पेरणीच्या तोंडावर त्यांच्या दुकानापुढे झुंबड उडायची. माणूस पैसे काढून उभा असायचा आणि भाऊ त्याच्याशी वाद घालत असायचे. "हे पिशवीवरचं बोंड पाहून नको घेऊ बे. हा फोटो कोणाच्या वावरातला नाई, छापखान्यातला आहे. तुह्या धुऱ्याले लागून ज्याचं वावर आहे, त्यानं मागच्या साली काय लावलं आणि काय निघालं, ते पाय. मंग ये." गिऱ्हाईक वैतागून शेजारच्या दुकानात जायचं. भाऊ शेंग फोडायचे.

त्यांना एकच मुलगी, ऋतुजा. ती आईवर गेली. सातवीत असतानाच ती आईच्या खांद्याच्या वर आली. एका लग्नात एक आत्या सगळ्यांदेखत म्हणाली, "काऊन रे दिगांबर, हिच्यासाठी पोरगा कुठून आणशीन? शिडी लावून हार घालन काय तो?" मांडव हसला. भाऊही हसले. ऋतुजा मात्र त्या दिवसापासून, की त्याच्याही आधीपासून, कोण जाणे, वाकायला लागली. मान पुढे, खांदे आत. फोटो काढायचा म्हटलं की ती आधी खाली बसायची. मैत्रिणींबरोबर शाळेत जाताना डांबरी रस्त्याच्या कडेला जी खोलगट मातीची पट्टी असते, तिच्यावरून चालायची, म्हणजे उंची बरोबरीची दिसेल. सुमनवहिनी ओरडायच्या. भाऊंनी माझ्याकडून पाठीचा पट्टा नेला. तो तिनं दोन दिवस बांधला आणि कपाटात टाकला.

एका दुपारी भाऊ माझ्या दुकानात आले. हातात पोरीचा जेवणाचा डबा. ती विसरून गेली म्हणून ते शाळेत द्यायला गेले होते. काउंटरवर दोन्ही हात टेकवून म्हणाले, "डॉक्टर, पोरगी सरळ उभी होती."

"कुठं?"

"शाळेत. त्या टोपलीखाली. खेळाच्या मास्तरनं चेंडू फेकला अन् हिनं हात वर केले. पार टाचा उचलून. तिले कोणी म्हणलं नाई, सरळ हो म्हणून."

"मग डबा?"

त्यांनी डब्याकडे पाहिलं. तो द्यायचाच राहिला होता.

शाळेतला हा खेळ फार टिकला नाही. खेळाच्या शिक्षकांना दुसरी कामं लागली, खेळाचा तास गणिताकडे गेला आणि मैदानावर शाळेच्या गाड्या उभ्या राहायला लागल्या. तेव्हापासून भाऊ ठिकाण शोधायला लागले. माझ्याकडे जुनी व्हॅन होती, म्हणून मी त्यांचा ड्रायव्हर झालो.

पाहण्याची त्यांची एक रीत होती. आधी कळवायचं नाही. लवकर पोचायचं, बियाण्याची रिकामी पिशवी अंथरून कडेला बसायचं. त्या ठिकाणचा चहा घ्यायचा नाही. "चहा पेला की माणूस मिंधा होते, डॉक्टर. मंग खोट दिसत नाई." चेंडू ज्याच्या हातात असेल त्याच्याकडे ते पाहायचेच नाहीत. ज्यांच्या हातात चेंडू नाही ती पोरं काय करतात, ते बघत बसायचे. आणि सराव संपला की प्रशिक्षकाला एकच प्रश्न: "मागच्या सालचे पोरं आता कुठी आहेत?"

पहिलं पाहिलं ते गावातलंच एक उन्हाळी शिबिर. मोठा फलक, पहिल्याच दिवशी सगळ्यांना रंगीत टी-शर्ट, शेवटच्या दिवशी सगळ्यांना चषक. पोरांची लांब रांग आणि चेंडू एक. रांगेत दोन वेण्यांची एक बारकी पोरगी होती. तिची पाळी जवळ आली की मागचा कोणीतरी दांडगा पोरगा पुढे घुसायचा आणि ती मुकाट मागे सरकायची. भाऊ तासभर तिच्याकडेच पाहत होते. शेवटी त्यांनी आयोजकाला तो प्रश्न विचारला. आयोजक म्हणाला, "काका, मागच्या वर्षी आपण स्केटिंग घेतलं होतं."

व्हॅनमध्ये बसल्यावर भाऊ हसत सुटले. "मागच्या साली सोयाबीन, औंदा मका!" मग हसणं थांबलं. "त्या बारकीले एकदा बी चेंडू नाई भेटला, पाह्यलं काय?"

अकोल्याचं ठिकाण खरोखर मोठं होतं. चकचकीत लाकडी फरशी, दिवे, भिंतभर फोटो. ऋतुजा आमच्याबरोबर होती. ती दारातच थांबली आणि बूट काढू की नको, अशा विचारात उभी राहिली. तिथले सर उंच, देखणे, गळ्यात शिट्टी. त्यांनी ऋतुजाला एकदा वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि म्हणाले, "काका, ही हाइट म्हणजे देवाची देणगी आहे. मला सहा महिने द्या. पोरगी स्टेट खेळेल." ऋतुजाचा चेहरा असा उजळला की मला वाटलं, झालं, आता शोध संपला.

"सहा महिन्यात तर तूर बी नीट हाती लागत नाई, सर," भाऊ म्हणाले आणि पिशवी अंथरून बसले.

सराव जोरदार होता. पळता पळता एका पोराला उलटी झाली. सरांनी त्याच्याच हातानं ती पुसून घेतली आणि पुन्हा पळायला लावलं. संपल्यावर भाऊंनी प्रश्न विचारला. सरांनी भिंतीकडे हात केला. "हे काय, सगळे चॅम्पियन."

"फोटो नाई म्हणत मी. हे पोरगं," भाऊंनी एका फोटोवर बोट ठेवलं, "हे आता काय करते?"

सरांना त्या पोराचं नावही आठवेना.

परतताना बाळापूर येईपर्यंत ऋतुजा मागच्या सीटवरून बाहेर पाहत होती. मग एकदम म्हणाली, "बाबा, तुमाले कोणतंच ठिकाण पसंत पडणार नाई. मले घरीच बसवायचं असन तर तसं सांगा ना." ती रडत होती. खामगावला भाऊंनी गाडी थांबवायला लावली आणि तिच्यासाठी गरम कचोरी आणली. ती तिनं मांडीवर ठेवली. मलकापूर आलं तरी कचोरी तशीच होती.

बुलडाण्याचं नाव कोणीतरी असंच सांगितलं. एका जुन्या वसतिगृहामागे सिमेंटचं उघडं मैदान, एक रिंग थोडी वाकलेली. वैशाली मॅडम म्हणून एक चिखलीकडच्या बाई शिकवायच्या. आम्ही पोचलो तेव्हा खेळाचं नाव नव्हतं. मॅडम आणि सगळ्या मुली खराटे घेऊन मैदान झाडत होत्या, कारण खडा राहिला की पाय घसरतो. मग खेळ सुरू झाला. एक मुलगी पडली, तर मॅडमनी तिला उठवायची घाई केली नाही. शेजारी बसल्या, घोटा चाचपून पाहिला, काहीतरी बोलून हसवलं. मोठ्या मुली लहान मुलींना शिकवत होत्या. भाऊंच्या हातातली शेंग कितीतरी वेळ फोडायची राहिली होती.

प्रश्न आलाच. मॅडम ओढणीनं तोंड पुसत म्हणाल्या, "मागच्या वर्षीच्या ना? एक नाशिकला नर्सिंगला आहे. दोघी पोलीस भरतीची तयारी करून राहिल्या. एकीला अमडापूरला दिली. बाळ लहान आहे तिचं, पण दिवाळीला आली की येते, खेळते. अन् एकीचं, काका, मला माहीत नाही. फोनच लागत नाही तिचा. तिची काळजी वाटते मला."

भाऊंनी हातातली शेंग खिशात टाकली. मग म्हणाले, "मॅडम, इथी चहा भेटन काय?"

ऋतुजाला तिथं घातलं. बुलडाण्यात मावशी होती, तिच्याकडे ती राहिली, शाळाही तिथलीच. दर रविवारी भाऊ पहाटेच्या एसटीनं राजूर घाट चढून जायचे. मैदानाच्या कडेला पिशवी अंथरायचे, सगळ्या मुलींना शेंगा वाटायचे. मुली त्यांना 'शेंगावाले काका' म्हणायच्या. मी दोन-तीनदा गेलो. ऋतुजा मैत्रिणींच्या मधून, रस्त्याच्या मधून, मान वर करून चालत होती. अमरावतीला एका सामन्यात तिच्या हातात चेंडू आला आणि भाऊ बाकावर उभे राहून ओरडले, "टाक टोपलीत!" सगळं मैदान हसलं. ऋतुजाही हसली आणि तिनं खरंच टाकला. त्या काळात भाऊ दुकानात गिऱ्हाइकांशी वाद घालताना मध्येच थांबून सांगायचे, "पोरगी बुलडाण्याले खेळून राह्यली." ज्याला बास्केटबॉल म्हणजे काय ते ठाऊक नाही, त्यालाही सांगायचे.

ते घडलं तो रविवारच होता. भाऊ समोर बसलेले होते. सामना नव्हता, ओढाताण नव्हती, साधा सराव. मैदान त्या दिवशीही झाडलेलं होतं. ऋतुजानं उडी मारली, चेंडू धरला आणि खाली आली. तिच्या आसपास कोणी नव्हतं. तिचा पाय टेकला आणि गुडघा आतल्या बाजूला गेला. "वाळलेली तुराटी मोडते ना, डॉक्टर, तसा आवाज आला," भाऊ मला नंतर म्हणाले. हे त्यांनी मला अनेकदा सांगितलं, प्रत्येक वेळी पहिल्यांदाच सांगितल्यासारखं.

मॅडमनी जे करायला हवं ते सगळं केलं. तिला उठू दिलं नाही, बर्फ लावला, गाडी बोलावली, औरंगाबादच्या मोठ्या डॉक्टरांपर्यंत स्वतः बरोबर गेल्या. गुडघ्यातली दोरी, म्हणजे लिगामेंट, तुटली होती. ऑपरेशन झालं. मग घरात महिनोन् महिने व्यायाम. वहिनी पायाशी बसून मोजायच्या आणि ऋतुजा दात आवळून पाय वाकवायची. वर्षभरानं डॉक्टरांनी हळूहळू खेळायची परवानगी दिली. ती बुलडाण्याला गेली आणि थोड्याच दिवसांत, नुसतं हलकं पळताना, तोच गुडघा पुन्हा सरकला. या वेळी डॉक्टरांनी सांगितलं की चालणं-फिरणं होईल. उडी मात्र विसरा.

त्यानंतर वैशाली मॅडम मलकापूरला आल्या. मी औषध द्यायला भाऊंच्या घरी गेलो होतो, म्हणून मला हे पाहायला मिळालं. मॅडम खुर्चीच्या टोकावर बसल्या होत्या. म्हणाल्या, "काका, माझ्या मैदानावर झालं हे. सिमेंट कडक असतं. चांगल्या मैदानासाठी मी किती वर्षं मागणी करून राहिली. तिला मी जास्त खेळवलं का, परत बोलवायची घाई केली का, हेच डोक्यात असतं माझ्या."

भाऊ मान हलवत होते. "नाई मॅडम. दोन्ही खेपेले मी समोरच बसलो होतो. तुमचं काई चुकलं नाई. डॉक्टरचं नाई चुकलं. पोरीचं बी नाई चुकलं." मग त्यांचा आवाज चढला. "कोणाचं चुकलं असतं तर बरं झालं असतं ना, मॅडम! भांडलो असतो मी. आता कोणाशी भांडू, सांगा बरं?"

मॅडमना रडू आवरेना. वहिनींनी पाणी आणून दिलं. आतल्या खोलीचं दार अर्धं लोटलेलं होतं. मॅडम त्या दाराशी जाऊन म्हणाल्या, "ऋतू, लहान मुलींना शिकवायला तरी ये. तू नुसती उभी राहिलीस तरी चालेल मला."

आतून आवाज आला, "मॅडम, मी नाही येणार."

मॅडम आणखी थोडा वेळ तिथं थांबल्या. दार उघडलं नाही. मी त्यांना व्हॅननं बसस्टँडवर सोडलं.

भाऊंचं दुकान पुढे काही वर्षं चाललं. पेरणीच्या दिवसांत पूर्वीसारखीच गर्दी व्हायची, पण वाद ऐकू येईनासे झाले. माणूस पिशवीवर बोट ठेवायचा आणि भाऊ पिशवी काढून द्यायचे. जुनी गिऱ्हाइकं विचारायची, "तुमी सांगा ना भाऊ, कोणतं घेऊ?" भाऊ म्हणायचे, "तुले जे वाटन ते घे." ऋतुजा पदवीधर झाली आणि पुण्याला एका कंपनीत कॉम्प्युटरच्या कामाला लागली. सुट्टीला आली की ती बसस्टँडकडून घरी जाताना दिसायची. खांद्याला पिशवी, मान पुढे, रस्त्याच्या अगदी कडेनं. मी हाक मारली की थांबायची, "बरी आहे, काका," म्हणायची. पुढे मी हाक मारायचंच सोडून दिलं. ते थांबणं तिला जड जायचं, असं मला वाटे.

एकदा नांदुऱ्याचं एक शिक्षक जोडपं भाऊंचा पत्ता काढत आलं. बरोबर त्यांची मुलगी होती, नववी-दहावीतली असेल, उंच. त्यांना कोणीतरी सांगितलं होतं की या माणसानं सगळी ठिकाणं पाहिलेली आहेत. मी त्यांना समोर घेऊन गेलो. भाऊंनी सगळं नीट सांगितलं. अकोल्याचं सांगितलं, गावातल्या शिबिराचं सांगितलं, मग म्हणाले, "बुलडाण्याच्या मॅडम चांगल्या आहेत. त्यांच्यासारखं माणूस नाई भेटणार."

"मग तिथंच टाकू ना?" मुलीची आई म्हणाली.

भाऊ मुलीकडे पाहत राहिले. इतका वेळ गेला की ती बिचारी लाजून बापाच्या मागे सरकली. "मले नका इचारू, ताई," भाऊ शेवटी म्हणाले. "ठिकाण चांगलं आहे, इतकंच मी सांगू शकतो. टाका असं मी म्हणत नाई. नका टाकू असं बी म्हणत नाई." आणि ते आत जाऊन पोती इकडची तिकडे करायला लागले. त्या वेळी ती हलवायची काहीच गरज नव्हती. जोडप्यानं मुलीला कुठं घातलं की नाही, मला कळलं नाही.

पुढे दुकान पुतण्याच्या ताब्यात देऊन भाऊ आणि वहिनी गावी गेले. संग्रामपूरच्या पलीकडे, सातपुड्याच्या पायथ्याशी त्यांची थोडी जमीन होती. जाताना माझ्या दुकानात आले, काउंटरवर ओंजळभर शेंगा ठेवल्या आणि म्हणाले, "येतो डॉक्टर."

मी त्यांना त्यानंतर एकदाच पाहिलं. त्या भागात एकाच्या घरी दुखवट्याला गेलो होतो. व्हॅन विकून टाकली होती, म्हणून एसटीनं. परतायच्या आधी त्यांच्या गावी उतरलो. हिवाळ्याचे दिवस, दुपार होती तरी ऊन अंगाला लागत नव्हतं. भाऊ खंगले होते, डोक्याला मफलर गुंडाळलेला. वहिनींनी पिठलं-भाकरी केली. जेवताना भाऊ पिकाचं बोलले, रानडुकरांचं बोलले. ऋतुजाचं नाव वहिनींनी काढलं, तेही एवढंच की तिचा फोन येतो आठवड्यातून.

ते मला फाट्यापर्यंत सोडायला आले. बसची वाट पाहत आम्ही दगडावर बसलो. डोंगराकडून गार वारा येत होता. भाऊ म्हणाले, "डॉक्टर, एक इचारू काय? थंडीत गुडघा जास्त दुखते काय? ऑपरेशनवाला?"

"दुखतो, भाऊ. थोडा दुखतोच."

"ती सांगत नाई. पण फोनवर बोलता बोलता मधीच थांबते. मंग मले वाटते, पाय हलवला असन." त्यांनी मफलर कानावर ओढला. "पुण्याले थंडी लय असते ना?"

"असते."

"हाव," ते म्हणाले.

तेवढ्यात वळणावर एसटी दिसली. त्या फाट्यावर हात केला नाही तर गाडी थांबत नाही. भाऊ उठून थेट रस्त्याच्या मध्ये गेले आणि हात वर केला. ड्रायव्हरनं शिव्या देत ब्रेक मारला. मी चढलो. कंडक्टरनं बेल वाजवली आणि ड्रायव्हरनं गाडी त्यांना वळसा घालून पुढे काढली. मी मागच्या काचेतून पाहिलं. गाडीमागच्या धुळीत भाऊ रस्त्याच्या मधोमध तसेच उभे होते, पाठ आमच्याकडे, तोंड गाडी आली त्या बाजूला. त्यांचा हात अजून वरच होता, आणखी काही थांबवायचं राहिल्यासारखा.